सोळा दगडांचा शालेय संच: तीन महिने वापरल्यानंतर

संच ४,८०० रुपयांचा, कुरियरचे २४० वेगळे. लाकडी पेटी, आत फोममध्ये कापलेले सोळा खण, प्रत्येक खणात एक नमुना आणि त्याच्याखाली पुठ्ठ्याची छापील चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन ओळी: नाव, प्रकार, वय. सोबत चोवीस पानांची मराठी पुस्तिका, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ‘अर्धायुष्याचा खेळ’ म्हणून शंभर प्लास्टिकच्या चकत्या.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पेटीचे पैसे शाळेतून शिकून गेलेल्या एका तुकडीने वर्गणी काढून दिले. त्यातले बरेच जण शेती करतात, एकजण पुण्यात रिक्षा चालवतो. त्यांच्या घामाचे पैसे आहेत, म्हणून पेटी आली त्याच दिवशी पाच तारे देऊन मोकळी झाले नाही. तीन महिने ती चार वर्गांत फिरवली, एकेक नमुना भिंगाखाली घातला, आणि आता लिहितेय. विक्रेत्याचं नाव देत नाही. असेच संच वेगवेगळ्या नावांनी तीन-चार ठिकाणी विकायला आहेत, आणि मी जे तपासलं ते कुठल्याही पेटीला लावून बघता येईल.

माझी नजर कुठून आली ते आधी सांगते. आमचे तात्या विहिरी खोदायचे. सुट्टीत मी त्यांची भाकरी घेऊन जायची आणि यारीच्या बाजूला बसून खाली बघत राहायची. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (पांढऱ्या ठिपक्यांचा खडक), मग काळा पाषाण. मधूनच कुठे तरी हातभर जाडीचा तांबडा थर. सुरुंग उडवून दगड वर यायला लागला की तात्या नुसत्या रंगावरून सांगायचे, आता किती हातांवर काय लागेल. त्यांची शाळा चौथीपर्यंत. पण मला थर समजावले ते त्यांनीच: ‘‘भाकऱ्यांची चळत बघ. तळाची पहिल्यांदा भाजलेली, वरची शेवटची. जमिनीचंही तसंच.’’ हेच तत्त्व निकोलस स्टेनो या डॅनिश माणसाने इटलीत १६६९ साली लिहून ठेवलं, आणि भूविज्ञानाचा पाया म्हणून ते आजही पहिल्या धड्यात शिकवतात. बी.एस्सी.ला ते वाचलं तेव्हा मला तात्यांची चळत आठवली.

म्हणून पेटी उघडल्यावर मी नमुन्यांआधी चिठ्ठ्या वाचल्या. आणि पहिल्याच चिठ्ठीशी अडले.

‘ट्रायलोबाइट. जीवाश्म. ५० कोटी वर्षे, कार्बन डेटिंग प्रमाणित.’

ट्रायलोबाइट म्हणजे समुद्रात राहणारा, केव्हाच नामशेष झालेला कवचाचा प्राणी. आणि चिठ्ठीवरचं हे होऊच शकत नाही. दहावीच्या मुलालाही हे समजावता येतं, म्हणूनच शाळेसाठी विकायच्या पेटीत ते छापलेलं पाहून फार वाईट वाटलं. जिवंत झाड किंवा प्राणी हवेतला, अन्नातला कार्बन घेत राहतो. त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ अगदी थोडा असतो. जीव गेला की नवीन कार्बन येणं थांबतं आणि असलेला कार्बन-१४ घटत जातो. ५,७३० वर्षांत निम्मा (यालाच अर्धायुष्य म्हणतात), आणखी ५,७३० वर्षांत त्याचा निम्मा. ५०,००० वर्षांनी मूळच्या सुमारे चारशे भागांतला एक उरतो. त्यापुढे तो इतका कमी होतो की हाताळताना लागलेल्या आजच्या कार्बनपासून वेगळा ओळखणं अवघड होऊन बसतं. ५० कोटी वर्षांनंतर त्यातला एक अणूही शिल्लक राहणार नाही. लाकडी कोळशाचा तुकडा, हाड, शिंपला, जुनं लाकूड अशा हजारो वर्षांच्या वस्तूंसाठी ही पद्धत उत्तम आहे; लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत आणि दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात असं काम चालतं. पण ट्रायलोबाइटला ती लावणं म्हणजे घरातल्या वजनकाट्यावर डोंगर तोलणं.

पुढे तर आणखी वाईट निघालं. भिंगातून बघितलं तर ट्रायलोबाइटच्या बरगड्यांमधल्या खाचांत बारीक गोल बुडबुडे दिसले. जीवाश्माच्या दगडात असे बुडबुडे नसतात, साच्यात ओतलेल्या रेझिनमध्ये असतात. मागच्या बाजूला तापवलेली सुई टेकवली तर प्लास्टिक जळाल्याचा वास आला. मोरोक्कोतून येणाऱ्या ट्रायलोबाइटमध्ये असे ओतीव नग खूप असतात, हे या छंदातल्या लोकांना ठाऊक आहे. खरं सांगायचं तर साच्यातली प्रतिकृती असायलाही माझी हरकत नव्हती. संग्रहालयांतही प्रतिकृती ठेवतात. पण मग चिठ्ठीवर ‘प्रतिकृती’ असं लिहा.

विक्रेत्याला फोन केला. माणूस उद्धट नव्हता, हे नमूद करते. म्हणाले, ‘‘मॅडम, कार्बन डेटिंग लिहिलं की गिऱ्हाइकाला खात्री वाटते. सगळेच लिहितात.’’ मी म्हटलं, ‘‘अहो, माझी मुलं हे वाचून परीक्षेला लिहितील.’’ थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले बदलून देतो. आठवड्याने खरा ट्रायलोबाइट आला, पहिल्यापेक्षा लहान आणि एका बाजूला झिजलेला. मला तोच आवडला.

मग ट्रायलोबाइटचं वय ठरवतात तरी कसं? पुस्तिकेत या प्रश्नाला दोन ओळी आहेत आणि दोन्ही गोंधळलेल्या. खरं तर पेटीतली सगळ्यात सुरस गोष्ट हीच आहे, म्हणून मी यावर दोन तास घालवले. जीवाश्माचं स्वतःचं वय सहसा थेट मोजत नाहीत. तो ज्या थरात सापडला, त्या थराचं वय काढतात. इंग्लंडमध्ये कालवे खोदण्याच्या कामावर असलेल्या विल्यम स्मिथच्या लक्षात आलं की प्रत्येक थरात ठरावीक जीवाश्मच सापडतात, आणि त्यांचा वरून खाली क्रम मैलोगणती बदलत नाही. त्यावरून त्याने १८१५ साली इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. खोदकामावरचा माणूस होता तो, तात्यांसारखा. थर वाचायला खड्ड्यातच शिकला. वर्गात हे सांगताना माझा आवाज थोडा चढला असेल.

जे जीव दूरवर पसरले आणि लवकर लवकर बदलले, ते थर ओळखायला सगळ्यात कामाचे. ट्रायलोबाइट तसे, अमोनाइट म्हणजे वेटोळ्या शंखासारख्या कवचाचे समुद्री जीव, तेही तसे. पण यातून कळतो तो फक्त क्रम: हा आधीचा, तो नंतरचा. आकडा येतो ज्वालामुखीच्या राखेतून. जीवाश्माच्या थराखाली एक राखेचा पट्टा आणि वर दुसरा असेल, तर त्या दोन राखांची वयं मोजली की मधला जीव त्या दोन तारखांच्या आत बसतो. राखेत झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात. झिरकॉन घडताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आज त्यात सापडणारं शिसं म्हणजे त्या युरेनियमचंच रूपांतर झालेलं. आणि युरेनियमची दोन घड्याळं एकाच स्फटिकात चालू असतात: युरेनियम-२३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ निम्मं व्हायला ७०.४ कोटी. दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत असतील तर आकड्यावर भरवसा ठेवायचा. माझ्या नववीतल्या एका मुलीने विचारलं, ‘‘बाई, आणि नाही जुळली तर?’’ तर बहुधा स्फटिकातून मधल्या काळात शिसं निसटलेलं असणार. म्हणजे घड्याळ बिघडलं, तर ते बिघडल्याचंही तेच सांगतं. ही सोय मला फार थोर वाटते.

बाकीच्या नमुन्यांकडे वळते. सगळ्या सोळांवर लिहीत नाही. ग्रॅनाइट, वाळूचा खडक, संगमरवर, शेल हे ठीक आहेत, त्यात बरं-वाईट सांगण्यासारखं काही नाही.

अमोनाइट खरा आहे आणि सुंदर आहे. मधोमध कापून चकचकीत केलेला, आतल्या खोल्या कॅल्साइटने भरलेल्या. चिठ्ठीवर फक्त ‘११ कोटी वर्षे’. कुठला, ते नाही. फोनवर विचारल्यावर मादागास्कर असं कळलं, ते मी पेनाने चिठ्ठीवर लिहिलं. शार्कचा दात मात्र या पेटीतल्या दोन उत्तम चिठ्ठ्यांपैकी एकीचा मालक आहे: ‘मोरोक्को, खौरिब्गा, फॉस्फेट खाण.’ अशी चिठ्ठी असली की वय छापलेलं नसलं तरी चालतं. त्या खाणीचे थर अभ्यासलेले आहेत, गाव कळलं की वयापर्यंत जाता येतं. उलट मात्र नाही. नुसत्या वयावरून गाव सापडत नाही.

दुसरी उत्तम चिठ्ठी ग्लोसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानाची: ‘राणीगंज कोळसाक्षेत्र, पश्चिम बंगाल. पर्मियन.’ पर्मियन म्हणजे साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचा काळ. करड्या शेलवर जिभेच्या आकाराचं पान, मधली शीर स्पष्ट, बाजूच्या शिरांची जाळी भिंगातून दिसते. याच झाडाची पानं चंद्रपूर-नागपूरकडच्या कोळशाच्या थरांतही सापडतात, आणि दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिकातही. २५ कोटी वर्षांपूर्वी ही सगळी भूमी एकाला एक लागून होती, याचा हा एवढासा पुरावा तळहातावर ठेवता येतो. माझ्या मते पेटीच्या किमतीतला निम्मा पैसा या एका पानाने वसूल होतो.

आता ज्यांच्यावर मी लाल पेनाने काट मारली ते.

‘अंबर, ४ कोटी वर्षे.’ पिवळाधमक खडा, आत एक चिलट. मुलं त्याच्यासाठी भांडायची. नेलपॉलिश काढायच्या द्रावणात, म्हणजे अॅसिटोनमध्ये, कापूस बुडवून कोपऱ्याला लावला. अर्ध्या मिनिटात तो भाग चिकट झाला आणि बोटाचा ठसा उमटला. खऱ्या अंबरला असं होत नाही. हा कोपल, म्हणजे झाडाचा डिंकासारखा राळेचा गोळा, पुरता न मुरलेला. वय काही शे ते काही हजार वर्षं. गंमत अशी की कार्बन-१४ लावायचा असेल तर पेटीतला हाच एक खडा त्यासाठी योग्य होता, आणि नेमक्या याच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नव्हतं. विक्रेत्यांनी याचे पैसे परत केले, खडाही ठेवून घ्या म्हणाले. तो मी ठेवलाय, नवीन चिठ्ठीसह.

‘नेच्याचे जीवाश्म.’ पिवळसर दगडाच्या चपट्या तुकड्यावर काळी नाजूक फांदोरी. दिसायला अगदी नेचा. पण पानाला देठ असतो, मधली शीर असते, फांद्या ठरावीक अंतरावर फुटतात. इथे तसं काहीच नाही. फांदोरी दगडाच्या फटीच्या कडेपासून सुरू होते आणि वाटेल तशी पसरते. हे मँगनीजच्या ऑक्साइडचं जाळं आहे. फटीत झिरपलेल्या पाण्याने ते मागे ठेवलं. त्यात जीव कधीच नव्हता. याला डेंड्राइट म्हणतात, आणि नेचा म्हणून ते जगभर विकलं जातं. विक्रेत्यांना हे ठाऊक नव्हतं असं मला त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. त्यांनी ते राजस्थानातून तसंच नाव लावून घेतलं होतं.

तिसरी चूक बारीक आहे, पण मला ती जास्त टोचली, कारण तो दगड आपला आहे. स्टिल्बाइट नावाच्या खनिजाच्या स्फटिकांचा गुलाबी-पांढरा झुबका, चिठ्ठी: ‘६.५ कोटी वर्षे.’ हा आकडा लाव्हाचा आहे, स्फटिकांचा नाही. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्या राहिल्या. मागाहून त्यांत गरम, खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि हे स्फटिक वाढले. मांजऱ्या खडकातले पांढरे ठिपके तेच. घर कधी बांधलं ते सांगितलं म्हणून घरातल्या कपाटाचं वय कळत नाही. दख्खनच्या पोकळ्यांतल्या काही स्फटिकांची वयं मोजली गेली आहेत, आणि ती लाव्हानंतर कोट्यवधी वर्षांनीही घडत होती असं निघालं.

खुद्द लाव्हाचा तुकडा, म्हणजे काळा पाषाण, यावर चिठ्ठी तीच: ‘बेसॉल्ट, दख्खन, ६.५ कोटी.’ आकडा जुना आहे. पूर्वी सगळीकडे साडेसहा कोटी छापायचे. मोजणीची प्रमाणं अधिक काटेकोर झाल्यावर डायनोसॉर संपल्याची सीमा ६.६ कोटींवर आली, आणि दख्खनचे मोठे उद्रेकही तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेले निघाले. ‘दख्खन’ हे ठिकाणही काही ठिकाण नव्हे. लाव्हाचा हा प्रदेश पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे, आणि पश्चिम घाटात एकावर एक थरांना इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, महाबळेश्वर अशी वेगवेगळी नावं आहेत. इगतपुरीचे थर खालचे, महाबळेश्वरचे वरचे. तुकडा कुठल्या कड्यातला, हे कळल्याशिवाय त्याच्याबद्दल काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

बेसॉल्टचं वय काढायला पोटॅशियम उपयोगी पडतं. त्यातला अगदी थोडा भाग, दहा हजारांत एखादा अणू, पोटॅशियम-४० असतो. तो घटत जातो, आणि त्यातल्या थोड्या भागाचा आर्गॉन वायू होतो, बाकीच्याचं कॅल्शियम. निम्मा व्हायला १२५ कोटी वर्षं लागतात. वितळलेल्या लाव्हातून आर्गॉन उडून जातो, म्हणून खडक थिजला की घड्याळ शून्यावरून सुरू होतं. अडचण अशी की खडक जरा कुजला, भेगाळला, तर साठलेला आर्गॉन निसटतो आणि खडक आहे त्यापेक्षा तरुण दिसतो. म्हणून आता नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात, त्यात काही पोटॅशियमचं वेगळ्या आर्गॉनमध्ये रूपांतर होतं. मग तो टप्प्याटप्प्याने तापवून दोन्ही आर्गॉनचं प्रमाण मोजतात. प्रत्येक टप्प्याला सारखंच वय आलं तर नमुना चांगला. हे काम करणारी प्रयोगशाळा मुंबईत आयआयटीत आहे. २०१९ साली दख्खनच्या उद्रेकांवर दोन गटांचे निष्कर्ष एकाच वेळी आले, एकाचं मोजमाप आर्गॉनचं, दुसऱ्याचं झिरकॉनचं. उद्रेक कोणत्या वेगाने झाले यावर त्यांचं एकमत नाही. पण बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला, यावर ते जवळ येतात.

आणि झिरकॉन बेसॉल्टमध्ये सहसा मिळत नाहीत. झिरकॉन मोजणाऱ्या गटाने ते दोन लाव्हांमधल्या तांबड्या थरांतून वेचले. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. तात्या त्या थराला वैतागायचे. ‘‘हा ढासळतो, इथे बांधून घ्यावं लागणार,’’ म्हणायचे. एक लाव्हा थांबला, त्याचा माथा उन्हापावसाने कुजून माती झाली, वर कुठून तरी राख पडली, मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने सगळं झाकून भाजून काढलं. तो हातभर तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधला थांबलेला काळ. सोळा नमुन्यांत तो नाही. पुण्यापासून महाबळेश्वरपर्यंत कुठल्याही घाटरस्त्याच्या कापात दिसतो, फुकट मिळतो, आणि मराठी शाळेसाठी केलेल्या पेटीत त्याला जागा नाही. पुढच्या खेपेला संगमरवर काढून तो घाला, असं मी विक्रेत्यांना सांगितलंय.

पुस्तिकेबद्दल. मराठी शुद्ध आहे, चित्रं ठसठशीत आहेत, अर्धायुष्याचं पान खरोखर चांगलं जमलंय. क्लेअर पॅटरसनने १९५६ साली उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवलं, ती गोष्टही नीट सांगितली आहे. पण लोणारच्या पानावर सरोवराचं वय ‘५०,००० वर्षे’ एवढंच. ते जुन्या, दगड तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून केलेल्या मोजणीचं आहे. २०११ साली उल्केच्या आघाताने वितळलेल्या काचेवर आर्गॉन पद्धत लावली तेव्हा सुमारे ५.७ लाख वर्षं आली. दहापटीहून जास्त फरक. दोन्ही आकडे शेजारी छापले असते तर मुलांना कळलं असतं की वय काढणं म्हणजे काय उद्योग आहे.

प्लास्टिकच्या चकत्या मी दुसऱ्याच दिवशी कपाटात ठेवल्या. गुळगुळीत आहेत, एकमेकींना चिकटतात, आणि पस्तीस मुलांना शंभर पुरत नाहीत. त्याऐवजी चिंचोके फोडून घेतले. एक बाजू पांढरी, एक काळी. सारीपाट खेळायला आजीकडे असायचे तसे. प्रत्येक गटाला दोनशे डाळ्या. फेकायच्या, पांढऱ्या पडल्या त्या बाजूला काढायच्या, उरलेल्या मोजायच्या. एका गटाचे आकडे माझ्या वहीत आहेत: २००, ११२, ६१, ३४, १९. चिंचोका पांढऱ्यावर आणि काळ्यावर सारखाच पडत नाही, म्हणून बरोबर निम्मे उरत नाहीत. पण दर फेकीला साधारण पंचावन्न टक्के उरतात, दर वेळी. कुठला चिंचोका बाद होणार ते कुणी सांगू शकत नाही. दोनशेंचं मिळून काय होणार ते सगळे सांगू शकतात. मग मी एका गटाला बाहेर पाठवलं, आत दुसऱ्यांनी हव्या तितक्या फेकी केल्या, आणि उरलेले व काढलेले दोन्ही ढीग दाखवून विचारलं, किती फेकी झाल्या? उरलेले ३६, काढलेले १६४. बाहेरून आलेल्यांनी ‘तीन’ सांगितलं, बरोबर होतं. मग मी काढलेल्या ढिगातले थोडे गुपचूप खिशात घातले आणि पुन्हा विचारलं. उत्तर ‘दोन’ आलं. आर्गॉन निसटला की खडक तरुण का दिसतो, ते फळ्यावर लिहायची गरज उरली नाही.

आणि शेवटी आम्ही बोरीला गेलो. पेटीमुळे गेलो, हे पेटीचं श्रेय. कुकडी नदीकाठचं बोरी आमच्या तालुक्यातलंच. तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे, आणि त्याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी यावर काम केलं. ही राख आपल्या लाव्हाची नव्हे, तो केव्हाच थंड झालेला. ती वाऱ्याने आली, तीन हजार किलोमीटरहून दूर इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून. मुलांनी बोटावर घेऊन बघितली. पिठासारखी मऊ लागते, पण भिंगाखाली काचेचे कण चमकतात.

तिचं वय? पहिल्यांदा पोटॅशियम-आर्गॉनने सुमारे १४ लाख वर्षं आलं. मग सुधारलेल्या आर्गॉन पद्धतीने सुमारे ६.७ लाख. मग काचेच्या रासायनिक घडणीवरून काहींनी म्हटलं, ही टोबाच्या सगळ्यात अलीकडच्या महाउद्रेकाची, सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची. वाद अजून चालू आहे. कारण समजायला अवघड नाही. नदीच्या गाळातली राख जिथे पडली तिथेच राहत नाही, पाणी ती उचलून दुसरीकडे नेतं. वाटेत आपल्या बेसॉल्टचे चार कण मिसळले तरी ६.६ कोटी वर्षांचा आर्गॉन मोजणीत येतो आणि वय फुगतं. माझ्या एका विद्यार्थ्याने काठावर उभं राहून विचारलं, ‘‘बाई, मग त्या हत्यारांचं वय किती?’’ राखेचं जितकं, त्याच्या आगेमागे. राख नेमकी कधी तिथे स्थिरावली यावर तो सगळा हिशेब. तो बराच वेळ थराकडे बघत राहिला. इथे आपल्या आधी माणूस किती काळ राहतोय, याचं उत्तर त्या वीतभर पांढुरक्या पट्ट्यात आहे, हे त्याला तिथे उभं राहून कळलं. पेटीतून ते कळलं नसतं.

घ्यावा का हा संच? आहे तसा ४,८०० ला नको. तीन नमुने खोटे किंवा चुकीच्या नावाचे निघाले, सोळांपैकी फक्त दोन चिठ्ठ्यांवर ठिकाण नीट लिहिलेलं होतं. विक्रेत्यांनी तक्रार ऐकली, बदली दिली, पैसे परत केले, त्याबद्दल त्यांना मनापासून मान देते. ग्लोसोप्टेरिस, अमोनाइट, शार्कचा दात आणि भिंग एवढंच सुटं मिळालं तर जरूर घ्या; ते सुटं देतात, मी विचारून घेतलंय, १,९०० रुपयांत. कुठलीही पेटी घेण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा: हा कुठल्या गावचा, कुठल्या थरातला? उत्तर आलं तर पुढे बोला. वय किती, ते नंतर.

आम्ही चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. ‘वय’ची ओळ शेवटी घेतली, तिच्यावर ठिकाण, थर, वर काय, खाली काय, आणि वय कशावरून. जिथे माहीत नाही तिथे रिकामं सोडलं. नेच्याच्या खणात आता तांबड्या थराचं ढेकूळ आहे. त्याची चिठ्ठी आठवीतल्या एका मुलीने लिहिली, तिच्या चुलत्यांच्या विहिरीचं काम चालू होतं तिथून तिनेच ते आणलं. ‘मळ्यातली विहीर. ४२ फुटांवर. वर मांजऱ्या, खाली काळा पाषाण. वय: खालच्यापेक्षा कमी, वरच्यापेक्षा जास्त.’